रूपकुंडाहून परत गेलेलं एक हाड

रूपकुंडाला, म्हणजे उत्तराखंडातल्या माणसांच्या हाडांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या उंचावरच्या तळ्याला, आम्ही २०१७ च्या सप्टेंबरात गेलो होतो, आता बरीच वर्षं झाली त्याला, तरी दर महिना-दोन महिन्यांनी कोणीतरी मेसेज करतंच की अगं तू गेली होतीस ना, कसं जायचं, कोणाबरोबर जायचं, खर्च किती येतो. आणि प्रत्येक वेळी मला सांगावं लागतं की आता पूर्वीसारखं जाता येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या त्या उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्री मुक्काम करायला बंदी घातली आणि दिवसाला २०० पेक्षा जास्त माणसं नकोत असंही सांगितलं. रूपकुंडाच्या वाटेवरचे मधले सगळे कॅम्प बुग्यालांवरच, मग मुक्काम न करता तिथवर पोचणार कसं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, वाईट वाटतं का गं? तेव्हा खूप वाटलं होतं, आता नाही वाटत. का नाही वाटत ते मेसेजमध्ये दोन ओळींत सांगता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

पुण्याहून आम्ही चौघं होतो. मी, माझी नणंद (वयाने मोठी आहे म्हणून मी ताईच म्हणते) आणि तिच्या ऑफिसमधली दोन मुलं, दोघंही बावीस-तेवीसची. त्या वर्षी गणपती विसर्जन ५ सप्टेंबरला होतं, ते आटपलं की दोन-चार दिवसांत निघायचं असं आधीच ठरलेलं. गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून रात्रीच्या रानीखेत एक्स्प्रेसने काठगोदाम आणि मग जीपने अख्खा दिवस, अल्मोडा, कौसानी, ग्वालदम, देवाल करत लोहाजंग. त्या प्रवासाबद्दल फार लिहीत नाही, वळणांनी सगळ्यांच्याच पोटाचे हाल झाले होते. पण ग्वालदम सोडून खाली पिंडर नदीकडे उतरायला लागलो तेव्हा त्रिशूल पहिल्यांदा दिसला, त्यावर संध्याकाळचं ऊन पडलेलं, आणि जीपमधली बडबड एकदम थांबली. ७,१२० मीटरचा डोंगर आम्ही कोणीच आधी पाहिलेला नव्हता. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लोहाजंग गावच साधारण २,३०० मीटरवर आहे, म्हणजे आपलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर जिथे संपतं त्याच्या बऱ्याच वरून हा ट्रेक सुरू होतो. तयारी म्हणून तीन महिने दर रविवारी पाठीवर सॅक घेऊन सिंहगड केला होता आणि पायांना त्याचा खरंच उपयोग झाला, पण विरळ हवेची तयारी सिंहगडावर होत नाही.

आमचे गाईड वाण गावचे, पन्नाशीचे. गढवालीत मोठ्या भावाला भैजी म्हणतात, बॅचमधले सगळे त्यांना भैजीच म्हणायचे, मीही तेच म्हणते. बोलणं अगदी कमी. चालताना हात मागे बांधून, मान थोडी खाली घालून चालायचे आणि दर वीसेक मिनिटांनी कोणाला न कळेल असं मागे वळून सगळी डोकी मोजायचे.

पहिल्या दिवशी लोहाजंगहून खाली उतरून नीलगंगा ओलांडायची आणि पलीकडचा उभा चढ चढून दिदना गाव. चौलाईची शेतं सप्टेंबरात लालभडक झालेली असतात, चौलाई म्हणजे आपला राजगिरा. आणि रात्री जेवायला मंडुव्याची भाकरी आली, ती तोंडात घातल्याबरोबर ताई म्हणाली अगं ही तर नाचणी! ती चुलीवरची भाकरी, वर घरचं तूप आणि राजम्याची आमटी, त्या जेवणाची चव मला अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी ओक आणि बुरांशच्या जंगलातून तीन-चार तास चढत राहायचं, दम लागलेला असतो, झाडी संपता संपत नाही, आणि मग एका वळणावर झाडं एकदम थांबतात आणि समोर आली नावाचं बुग्याल पसरलेलं असतं. मी सह्याद्रीत खूप फिरलेय, कासच्या पठारावर फुलं बघितलीत, पण एवढं मोठं, असं लाटालाटांनी पसरत गेलेलं गवत मी कुठेच पाहिलं नव्हतं. सप्टेंबरात ते हिरव्याचं सोनेरी व्हायला लागलेलं असतं. बूट काढून चाललो तिथे. पायाखाली ते सतरंजीसारखं दबतं, कारण वर दिसणाऱ्या गवताच्या खाली मुळांची घट्ट विणलेली जाड गादी असते, वर्षातले कितीतरी महिने बर्फाखाली राहून जी काही वाढ होते ती उरलेल्या थोड्या महिन्यांत होते. ती गादी एकदा उखडली की खालची माती पावसाने वाहून जायला लागते आणि पुन्हा धरायला वर्षानुवर्षं जातात. हे मला भैजींनी दाखवलं. आलीहून बेदनीकडे जाताना टेन्टभोवती पाणी जायला खणलेल्या चरांचे चौकोन दिसत होते, जुने, आत काळी माती उघडी पडलेली, एकाशेजारी एक कितीतरी. त्यांनी काठीने एका चौकोनाची कड दाखवली आणि म्हणाले, ये मेरे हाथ का है, चार साल पहले का.

बेदनीला नंदादेवीचं छोटं देऊळ आहे आणि समोर बेदनी कुंड, वेद इथे लिहिले गेले म्हणून वेदिनी आणि वेदिनीचं बेदनी झालं असं तिथले लोक सांगतात. देवळात वाळलेली फुलं आणि लाल चुनऱ्या पडलेल्या होत्या. भैजी म्हणाले, पंधरा दिवसांपूर्वी नंदाष्टमी झाली, देवीला सासरी पाठवून आलो. मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं की नंदा ही या डोंगरातल्या गावांची लेक, कैलासाला शंकराच्या घरी दिलेली, दरवर्षी भाद्रपदात ती माहेरपणाला येते आणि मग गाववाले तिला गाणी म्हणत, रडत, बेदनीपर्यंत पोचवायला येतात. आणि मोठी राजजात बारा वर्षांनी, कर्णप्रयागजवळच्या नौटी गावातून निघते, पुढे चार शिंगांचा मेंढा चालतो, रूपकुंडावरून जुनारगलीची धार ओलांडून होमकुंडापर्यंत जातात आणि तिथे त्या मेंढ्याला देवीचे दागिने-कपडे पाठीवर बांधून एकटंच पुढे सोडून देतात. ती २००० साली झाली होती, मग २०१३ ला व्हायची होती पण केदारनाथच्या त्या पुरामुळे २०१४ ला झाली. भैजी दोन्ही वेळा होमकुंडापर्यंत गेलेले, अनवाणी.

मी त्यांना म्हटलं, भैजी, आमच्याकडेही अगदी याच दिवसांत गौरी येतात, माहेरवाशिणी, तीन दिवस राहतात, पहिल्या दिवशी त्यांना भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि तिसऱ्या दिवशी पाठवणी. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले. पाठवताना तुमच्याकडेही बायका रडतात का, विचारलं. मी म्हटलं माझी आई रडायची. ते म्हणाले, फिर तो एक ही लड़की है.

बेदनीच्या पुढे घोडा लौटानी, म्हणजे पूर्वी जिथून घोडे परत फिरवायचे ती जागा, आणि मग पातर नचौनी. इथून रूपकुंडाची ती कथा सुरू होते. कनौजचा राजा जसधवल, गरोदर राणी बलम्पा आणि सगळा लवाजमा घेऊन देवीच्या यात्रेला निघाला, पण सोबत नाचणाऱ्या बायका आणल्या, देवीच्या वाटेवर नाचगाणं केलं. इथे त्या नाचल्या आणि जमिनीत गडप झाल्या म्हणून ही पातर नचौनी. राजा तरी थांबला नाही, पुढे गेला, आणि वर कुंडाजवळ देवीने लोखंडासारख्या गारा पाडल्या, कोणी वाचलं नाही. नंदादेवीच्या जागरात हे सगळं गाण्यात येतं. मेसच्या टेन्टमध्ये रात्री भैजींनी त्यातल्या चार-पाच ओळी म्हणून दाखवल्या, एकाच सुरात, खालच्या आवाजात. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

चौथ्या दिवशी कालू विनायक. काळ्या दगडाचा गणपती, डोंगराच्या खांद्यावर दगडांनी रचलेल्या छोट्या देवळात. दहा-बारा दिवसांपूर्वी घरचा गणपती विसर्जन करून आलेलो आम्ही, ४,००० मीटरच्या वर धापा टाकत पोचलो आणि समोर हा बसलेला. ताईने आरती म्हटली, तिचा आवाज एका कडव्यातच तुटायला लागला. तेव्हा आम्ही सगळे म्हटलं चढाचा दम असेल. तो नुसता दम नव्हता.

कालू विनायकपासून थोडं खाली-वर करत भगवाबासाला, साधारण ४,३०० मीटर, पोचेपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलेलं, आणि जेवण समोर आल्यावर तिने ताट बाजूला सरकवलं. ताई आणि जेवायला नाही म्हणते, हे मी तिच्या घरात सून होऊन आल्यापासून कधी पाहिलेलं नाही. ऑक्सिमीटरवर ६८ आला. त्याच वेळी गारा सुरू झाल्या, वाटाण्याएवढ्याच, पण टेन्टच्या कापडावर असा आवाज की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. दहा मिनिटांत बाहेरचं सगळं पांढरं. त्या जेवणाच्या टेन्टमध्ये बसून मी एक हात ताईच्या पाठीवर ठेवलेला आणि डोक्यात एकच, की टेन्ट नसता तर? इथून वर फक्त उघडा दगड आहे, झाड नाही, गुहा नाही, डोकं लपवायला काही म्हणजे काही नाही. वाटाण्याऐवजी लिंबाएवढ्या असत्या तर?

गारा थांबल्या तसे भैजी आत आले, ताईकडे बघितलं, आकडा बघितला, आणि म्हणाले दीदी नीचे जाएगी, अभी. ताई रडायला लागली, उद्या सकाळपर्यंत थांबू, बरं वाटेल, मी गोळी घेतलीय, एवढ्या लांबून आलेय. भैजी तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, दीदी, यहाँ रात को ठीक नहीं होता, यहाँ रात को बिगड़ता है. अर्ध्या तासात एका मदतनिसाबरोबर तिला पातर नचौनीला पाठवलं. मी बरोबर जायला निघाले तर ताईनेच दटावलं, तू जा, मला सगळं बघून येऊन सांग. ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हा एक प्रसंग आवर्जून सांगते. उंचीवर डोकं दुखतंय, उलटीसारखं होतंय, जेवण जात नाही, असं झालं तर लपवू नका, आणि वाढत चाललं तर थांबून बघू असं करू नका, खाली उतरा, रात्रीच्या आत उतरा. ताई पातर नचौनीला पोचली आणि रात्री खिचडी जेवली, एवढा फरक त्या काहीशे मीटरने पडतो.

पहाटे साडेतीनला उठलो, चारला निघालो. बाटलीतलं पाणी गोठलेलं. हेडलॅम्पच्या उजेडात फक्त पुढच्या माणसाचे बूट दिसतात आणि आदल्या दिवशीच्या गारांचा कुरकुर आवाज. ५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण निम्म्यावर आलेला असतो, म्हणजे एका श्वासात आपल्याला सवय असते त्याच्या जेमतेम अर्धा ऑक्सिजन. मी वीस पावलं मोजायचे, थांबायचे, दहा श्वास, परत वीस पावलं. शेवटी शेवटी वीसची दहा झाली. उजाडायला लागलं तेव्हा दगडांच्या फटींतून ब्रह्मकमळं दिसली, फिकट, कागदासारख्या पाकळ्यांची, बरीचशी सुकायला आलेली. कोणी तोडली नाहीत, भैजींनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

आणि मग शेवटचा खडा चढ, आणि एका काठावर आल्यावर खाली रूपकुंड. ५,०२९ मीटर. फोटोत मला ते खूप मोठं वाटलं होतं. प्रत्यक्षात लहान आहे, एका खोल वाटीच्या तळाशी, चाळीसेक मीटरचं, आपल्याकडच्या एखाद्या किल्ल्यावरच्या मोठ्या टाक्यासारखं, काळपट हिरवं पाणी आणि कडेने पातळ बर्फाची झालर. पार्वतीला तहान लागली म्हणून शंकराने त्रिशूळ मारून पाणी काढलं आणि त्यात तिने आपलं रूप बघितलं म्हणून रूपकुंड. तीन बाजूंनी घसरडा मुरूम आणि वर कडे. आत उतरलो तसा वारा पूर्ण थांबला.

हाडं शोधावी लागली नाहीत. काठावरच्या दगडांवर होती. बरगड्या, मांडीची लांब हाडं, मणके, आणि कवट्या. कोणीतरी, कोणीतरी म्हणजे आमच्यासारखेच आधी येऊन गेलेले लोक, त्या कवट्या एका सपाट दगडावर ओळीने मांडून ठेवलेल्या, पाण्याकडे पाठ आणि फोटो काढणाऱ्याकडे तोंड करून. आमच्या बॅचमधल्या सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढला, त्या दगडाशेजारी बसून. हे मी लपवणार नाही. त्या फोटोत मी हसतेय, आणि तो फोटो मी नंतर कोणालाही दाखवला नाही.

बाकीचे जुनारगलीच्या धारेवर चढायला गेले, मी नाही गेले, पाय संपले होते. भैजींचा एक माणूस माझ्याजवळ थांबला. तासभर मी तिथे पाण्याच्या कडेला बसून होते आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं. माझ्या बुटाजवळ एक जबड्याचं हाड होतं, दाढा अजून जागेवर, एका दाढेचा वरचा भाग झिजून सपाट झालेला. कितीतरी वर्षं भाकरी चावून चावून झिजलेली दाढ. माझ्या आजीच्या दाढा अशाच झाल्या होत्या. तोपर्यंत ते सगळं मला रूपकुंडची हाडं एवढंच होतं. त्या दाढेपाशी ती बाई झाली, किंवा बुवा, मला काय माहीत, पण जेवत होतं कोणीतरी त्या दातांनी.

ही हाडं १९४२ मध्ये जंगल खात्याच्या एच. के. मधवाल नावाच्या रेंजरना दिसली. महायुद्धाचे दिवस, त्यामुळे आधी शंका आली की चोरून आलेले जपानी सैनिक असतील, मग कोणी म्हणालं १८४१ च्या तिबेट मोहिमेतली जनरल जोरावरसिंगाची माणसं. २००४ मध्ये जी मोठी तपासणी झाली तेव्हा असं पुढे आलं की ही माणसं नवव्या शतकातली, आणि काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल, जड माराच्या खुणा आहेत, शस्त्राच्या नाहीत. म्हणजे गारा. जागरातल्या गाण्यात होतं तेच. आम्ही गेलो तेव्हा मला एवढंच माहीत होतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये पेपर आला, ३८ जणांच्या हाडांचा डीएनए काढलेला, आणि त्यात सगळी गोष्टच बदलली. २३ जण भारतीय उपखंडातले, साधारण ८०० च्या आसपासचे, पण तेही एकाच दिवशी गेलेले नाहीत, वेगवेगळ्या वेळी. आणि १४ जण चक्क पूर्व भूमध्य समुद्राकडचे, आजच्या ग्रीस-क्रीटच्या लोकांना जवळचे, आणि ते हजार वर्षांनी, १८०० च्या आसपास. आणखी एक माणूस आग्नेय आशियातला. बायका होत्या, पुरुष होते, तपासलेल्यांमध्ये एकमेकांच्या जवळच्या नात्यातलं कोणी नव्हतं. एवढ्या लांबून ती चौदा माणसं तिथे कशाला आली होती हे आजही कोणाला सांगता येत नाही.

त्या पेपरवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी यांचंही नाव आहे. येरवड्याहून जाताना डेक्कन कॉलेजची ती कमान मी आठवड्यातून दोनदा बघते, आणि त्या दिवसापासून तिथून जाताना मला ती दाढ आठवल्याशिवाय राहत नाही.

आता त्या हाडाची गोष्ट. ही मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

भगवाबासाला खाली आलो, दुपारचं जेवण झालं, आणि सॅक भरताना आमच्या त्या दोन मुलांपैकी एकाने जॅकेटच्या आतल्या खिशातून टिश्यूपेपरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढून मला दाखवलं. बोटाचं हाड. खडूच्या तुकड्याएवढं, चहाच्या रंगाचं, एका टोकाला बारीक बारीक छिद्रं. म्हणाला मावशी, बघ, आईला दाखवायला घेतलंय. चांगला मुलगा आहे, आजही माझ्या संपर्कात आहे, त्याला विचारूनच हे लिहितेय. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, समुद्रावर गेल्यावर शिंपला उचलावा तसं त्याने ते उचललं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी तरी कुठल्या तोंडाने बोलणार, सकाळीच कवटीशेजारी बसून हसले होते.

भैजी मागे उभे होते हे आम्हाला माहीत नव्हतं. ओरडतील असं वाटलं. ते त्याच्या शेजारी दगडावर बसले आणि विचारलं, बेटा, तुम्हारे घर में कोई गुज़रा है? तो म्हणाला हो, आजोबा, मागच्या वर्षी. उनका फूल कहाँ डाला? फूल म्हणजे अस्थी. तो म्हणाला नाशिकला, रामकुंडात. भैजी म्हणाले, किसी ने उसमें से एक उठाके जेब में डाला होता तो? एवढंच. पोराचा चेहरा पांढरा पडला. त्याने ते हाड पुढे केलं, आणि भैजींनी लगेच घेतलं नाही, आधी हात धुतले, कॅम्पमधल्या मगाने पाणी घेऊन, मग गळ्यातला मफलर सोडला, त्याच्या एका टोकात ते हाड बांधलं आणि मफलर परत गळ्यात घातला. परत वर जायला वेळ नव्हता, ढग चढत होते आणि सतरा माणसं खाली न्यायची होती. पातर नचौनीपर्यंत तो मुलगा त्यांच्या मागेच चालत होता, एकदाही पुढे गेला नाही.

पातर नचौनीला ताई टेन्टच्या बाहेर उन्हात बसलेली होती. सगळं सांग म्हणाली. मी तिला कुंड सांगितलं, ब्रह्मकमळं सांगितली, हाडांचं त्या दिवशी नाही सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला मी भैजींना फोन केला आणि भीत भीत विचारलं. म्हणाले, पुढच्याच बॅचबरोबर वर नेलं, पाण्याजवळ ठेवून वर दगड ठेवला, आणि त्या मांडलेल्या कवट्याही उचलून आत दगडांमध्ये ठेवल्या. मग म्हणाले, पण दीदी, दहा दिवसांनी परत गेलो तर कवट्या परत बाहेर मांडलेल्या होत्या.

१९५०-६० च्या दशकांतले जे लोक तिथे गेले त्यांच्या लिखाणातून कळतं की तेव्हा हाडांबरोबर चामड्याचे जोडे, बांबूच्या काठ्या, अंगठ्या, भाल्याची टोकं असं बरंच काही होतं. आम्हाला त्यातलं काहीसुद्धा दिसलं नाही. कुठे गेलं असेल ते? थोडं अभ्यासासाठी नेलं असेल, बाकीचं आमच्या त्या मुलासारखंच कोणीतरी आईला दाखवायला नेलं असणार. आपल्याकडे किल्ल्याच्या दगडावर कोणी नाव कोरलं की आपण किती चिडतो, फोटो टाकतो, त्या माणसाला शोधून काढतो, आणि चिडायलाच पाहिजे. पण हिमालयात गेलो की आपणच पाहुणे असतो आणि तिथलं कोणाचं काय आहे हे आपल्याला ओळखू येत नाही. ते मुळांच्या गादीवरचे चौकोन, त्या ओळीने मांडलेल्या कवट्या, रस्त्यावरची बिस्किटांची रॅपर्स, हे सगळं आमच्यासारख्या प्रेमाने गेलेल्या लोकांनीच केलेलं आहे. म्हणून ती बंदी मला मनापासून पटते.

पण त्याचबरोबर हेही सांगायलाच हवं की त्या बंदीची किंमत पुण्या-मुंबईच्या ट्रेकरने दिलेली नाही, आम्ही दुसरा ट्रेक शोधला. किंमत दिली वाण, दिदना, लोहाजंगच्या लोकांनी. भैजींची दोन खेचरं होती, ती त्यांनी २०१९ मध्ये विकली. आता ते हिवाळ्यात लोहाजंगहून ब्रह्मतालचे ट्रेक नेतात, बाकी वर्षभर बटाटा आणि राजमा. मुलगा देहरादूनला हॉटेलात लागलाय. मी त्यांना एकदा विचारलं होतं, बंदी उठावी असं वाटतं का? बराच वेळ फोनवर शांतता, मग म्हणाले, कम लोग आएँ, हमारे घर में रहें, एक दिन में ऊपर देखके वापस आएँ बेदनी से, उतना ठीक है. कुंड तक सब को क्यों जाना है? मला हे इतकं साधं आणि बरोबर वाटलं की जे कोणी मला विचारतात त्यांना मी आता तेच सांगते. वाणमध्ये राहा, एखाद्या घरात, मंडुव्याची भाकरी खा, लाटू देवतेचं देऊळ बघा, बाहेरून, कारण त्याचं दार वर्षातून एकदाच उघडतं आणि तेव्हाही पुजारी डोळ्यांवर पट्टी बांधून आत जातो. ज्याला हिवाळ्यात बर्फातलं तळं बघायचंय त्याने ब्रह्मतालला जावं, त्रिशूल आणि नंदा घुंटी तिथूनही समोरच दिसतात. बेदनीकडे जायचं असेल तर त्या वेळचे नियम काय आहेत ते जंगल खात्याकडे विचारूनच जा, आणि टेन्टसाठी चर खणणाऱ्या कोणाबरोबर जाऊ नका.

तो मुलगा दरवर्षी आजोबांच्या तिथीला भैजींना फोन करतो. हे मला भैजींनीच सांगितलं, त्याने कधी नाही सांगितलं.

आणि माझा फोन गौरींच्या दिवसांत असतो. मागच्या भाद्रपदात मी फोन केला तेव्हा ते बेदनीला होते, नंदाष्टमीचे, मधेच रेंज आली होती म्हणे, मागे ढोल वाजत होता आणि बायकांचं गाणं ऐकू येत होतं, तुटक तुटक. मी म्हटलं भैजी, नंतर करते. ते म्हणाले नाही नाही, सुनो, आणि फोन त्यांनी तसाच हातात उंच धरला असावा. स्वयंपाकघरात माझ्यासमोर पुरण शिजत होतं, मी गॅस बारीक केला आणि स्पीकर लावला, ताई पण हातातलं लाटणं ठेवून जवळ आली. दोन-तीन मिनिटं असेल. मग त्यांचा आवाज आला, आपकी पहुँच गई घर? मी म्हटलं, हो भैजी, काल आल्या, आज जेवतायत. ते म्हणाले, हमारी अभी निकल रही है. आणि रेंज गेली.